दोन येन म्हणजे किती? आधुनिक जपानी साहित्यातील पैसा कसा वाचावा

आपला प्रश्न मी समजलो तो असा: एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी आपण ‘आधुनिक जपानी साहित्य आणि भांडवलशाही’ हा विषय घेतला, इंग्रजी अनुवादांतून सात-आठ पुस्तके वाचली, आणि कोबायाशी ताकिजीचे ‘कानिकोसेन’ सोडले तर भांडवलशाहीवर थेट बोलणारे काहीच हाती लागले नाही. बाकी ठिकाणी भेटतात त्या किरकोळ रकमा. कुणाला दोन येन हवे आहेत, कुणी घरातली जुनी वस्तू विकायला काढली आहे, कुणाच्या बुटात पाणी शिरते आहे. मार्गदर्शकांनी ‘सामग्री अपुरी’ असा शेरा दिला आहे. शिवाय जुन्या येनचे आजचे रुपये कसे करायचे, हेही आपण विचारले आहे.

माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. त्या रकमांचे वजन कळत नाही म्हणून त्या किरकोळ वाटतात, आणि किरकोळ वाटतात म्हणून त्यांच्यामागची व्यवस्था नजरेतून सुटते. सामग्री अपुरी नाही, ती आकड्यांत आहे, आणि साहित्याचे विद्यार्थी आकडा आला की नजर पुढच्या ओळीवर नेतात.

माझे म्हणणे कोणत्या अनुभवातून येते ते आधी सांगतो, म्हणजे त्याला किती मान द्यायचा हे आपल्याला ठरवता येईल. मी पुण्यात वीसहून अधिक वर्षे जपानीतून मराठी-इंग्रजीत भाषांतरे करतो. दिवसा कंपन्यांचे करार, बिले, थकबाकीची पत्रे. शनिवारी संध्याकाळी काही विद्यार्थ्यांसोबत जपानी कथांचे वाचन. त्यामुळे मी कथाही थोडी खतावणीसारखी वाचतो. साहित्याच्या प्राध्यापकांना ही पद्धत रूक्ष वाटू शकेल. आणखी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्या हातातल्या अनुवादात रकमा मुळाप्रमाणे ठेवल्या आहेत की ‘थोडे पैसे’ करून टाकल्या आहेत, ही पहिली. आणि कथा कोणत्या दशकातली आहे, ही दुसरी, कारण १८९४ चा येन आणि १९२६ चा येन यांची खरेदीशक्ती एक नव्हे.

म्हणूनच रुपयांत रूपांतर करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. तक्त्यातून काढलेला आकडा वाचकाला फक्त समाधान देतो. रकमेचे माप त्याच पुस्तकात शोधावे. हायामा योशिकीची ‘सिमेंटच्या पिंपातले पत्र’ ही १९२६ मधली अगदी छोटी कथा घ्या. मात्सुदो योझो हा वीजकेंद्राच्या बांधकामावर सिमेंटची पिंपे रिकामी करणारा मजूर आहे. नाकातले केस सिमेंटच्या धुळीने कडक झाले आहेत आणि नाक पुसायलाही उसंत नाही. त्याची रोजची मजुरी १ येन ९० सेन (शंभर सेनचा एक येन). तांदूळ ५० सेनला एक शो (हे माप सुमारे १.८ लिटरचे), आणि घरात रोज दोन शो तांदूळ लागतो. म्हणजे एक येन भातावरच गेला. उरलेल्या ९० सेनमध्ये कपडे आणि घर, मग प्यायचे कशातून, असा तो वैतागतो. सहा मुले आहेत आणि सातवे वाटेवर आहे. हा हिशेब लेखकाने स्वतः मांडून दिला आहे, आणि त्यात आजचा एकही रुपया न आणता आपल्याला सगळे कळते.

मग त्याच पिंपात एक लाकडी पेटी सापडते, आणि तिच्यात सिमेंट कारखान्यात पिशव्या शिवणाऱ्या एका मुलीचे पत्र. तिचा प्रियकर दगड फोडणाऱ्या यंत्रात पडला आणि दगडांबरोबर दळला जाऊन सिमेंट झाला. हे सिमेंट कुठे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला वापरले ते कळवा, अशी तिची विनंती आहे. नाट्यगृहाच्या ओसरीला किंवा एखाद्या वाड्याच्या भिंतीला तो लागू नये, असे ती आधी लिहिते आणि मग तेही मागे घेते. मालक कथेत कुठेही नाही. तरीही माणसाचा माल कसा होतो, हे यापेक्षा थोड्या जागेत सांगितलेले माझ्या वाचनात नाही. आपल्या मार्गदर्शकांना ही कथा जरूर दाखवा.

आता आपण ज्या ‘दोन येनां’चा उल्लेख केला आहे, ते बहुधा हिगुची इचियोच्या ‘ओत्सुगोमोरी’ या १८९४ च्या कथेतले. ओत्सुगोमोरी म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस. जपानमध्ये उधारी-उसनवारीचे हिशेब त्या दिवशी मिटवायचे, ही व्यापारी शहरांची फार जुनी रीत. ओसाकाच्या इहारा साइकाकुने १६९२ मध्येच वर्षअखेरच्या वसुलीवर आणि ती चुकवणाऱ्यांच्या क्लृप्त्यांवर अख्खे पुस्तक लिहिले होते. इचियो साइकाकु वाचलेली लेखिका आहे, पण त्याच्याकडे हसू आहे आणि तिच्याकडे ते नाही.

कथेतली ओमिने ही यामामुरा नावाच्या श्रीमंत घरची मोलकरीण. तिला वाढवणारा भाजीविक्या मामा आजारी पडला आहे, आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा शिंपल्या विकत फिरतो. मामाने एका सावकाराकडून तीन महिन्यांच्या बोलीवर १० येन घेतले. त्यातले १ येन ५० सेन सावकाराने देतानाच व्याज म्हणून कापले, म्हणजे हातात आले साडेआठ. मी विद्यार्थ्यांना इथे थांबवतो आणि गणित करायला लावतो. साडेआठ येनांवर तीन महिन्यांचे दीड येन म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला सत्तर टक्क्यांच्या वर. आता मुदत भरली आहे, मुद्दल फेडणे शक्य नाही, म्हणून आणखी तीन महिने मिळवायला पुन्हा दीड येन भरायचे. या नूतनीकरणाच्या रकमेला सावकारी बोलीत ‘ओदोरी’ म्हणत, ज्याचा शब्दशः अर्थ ‘नाच’. मामाने ओमिनेकडे मागितलेल्या दोन येनांतले दीड तिथे गेले की ५० सेन उरतात, आणि ते नववर्षाच्या सणाला पोराच्या तोंडात चार घास पडावेत म्हणून. दोन येनांचा प्रत्येक सेन कुठे जाणार, हे इचियोने ठरवून ठेवले आहे.

इथे भाषांतराची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७१ मध्येच येन हे चलन आले, तरी मामा बोलताना त्या दीड येनाला जुन्या नाण्यांत ‘एक र्यो दोन बू’ म्हणतो. आपल्याकडेही दशमान नाणी आल्यावर कित्येक वर्षे माणसे चार आणे, आठ आणे म्हणतच होती. ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला मामाचे वय आणि त्याचा वर्ग त्या एका शब्दातून कळावा. आणि आधीच कापलेल्या व्याजासाठी मी सुरुवातीला ‘आगाऊ व्याज’ असे लिहीत असे. मग पेशवेकालीन कर्जांच्या संदर्भात ‘मनोती’ हा शब्द पुन्हा वाचनात आला आणि वाटले की आपल्याकडे तर या गोष्टीला स्वतःचे नाव होते. तो आता किती जणांना समजेल ही शंका आहे, म्हणून अजून वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

मालकीण ओमिनेला आधी हे पैसे उसने द्यायचे कबूल करते आणि ऐनवेळी कानावर हात ठेवते. ओमिने खणातल्या वीस येनांच्या पुडक्यातून एकेक येनाच्या दोन नोटा काढते. त्याच रात्री घरातला उनाड सावत्र मुलगा इशिनोसुके बापाकडून ५० येनांचे पुडके उकळून निघून जातो. रात्री मालकीण वर्षाचा मोठा हिशेब करायला बसते, खण उघडला जातो, ओमिनेचा जीव गोळा होतो. आणि आत अठरा येनांऐवजी एक चिठ्ठी निघते: खणातलेही मीच नेले आहेत, इशिनोसुके. त्याने ते पाहून केले की योगायोगाने, हे लेखिका उघड ठेवते.

ही कथा दयाबुद्धीची म्हणून शिकवली जाते. मी ती पतव्यवहाराची म्हणून वाचतो. एकाच छपराखाली एकाला शब्दावर पन्नास येन मिळतात, दुसरीला वर्षभराच्या चाकरीवर दोन मिळत नाहीत, आणि तिची चोरी झाकली जाते ती मालकपुत्राच्या सहीने. इचियोला हे पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. वडील गेल्यावर घराचा भार तिच्यावर आला, १८९३ मध्ये तिने योशिवारा या वेश्यावस्तीजवळ किरकोळ सामानाचे आणि स्वस्त खाऊचे दुकान काढले, ते वर्षाच्या आत बंद पडले, आणि १८९६ मध्ये चोविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. २००४ मध्ये पाच हजार येनांच्या नोटेवर तिचा चेहरा आला तेव्हा याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी त्यात भर घालत नाही.

ओझाकी कोयोच्या ‘कोंजिकी याशा’चा उल्लेख आपण केला आहे, हिऱ्याच्या अंगठीवर भाळून दुसरीकडे लग्न करणारी मुलगी आणि त्या रागाने सावकार झालेला तरुण, ही कथा त्या काळी अफाट गाजली. पण पैसा तिथे पाप म्हणून येतो, व्यवहार म्हणून नाही. प्रबंधिकेत एक परिच्छेद पुरे.

नात्सुमे सोसेकीवर मात्र जितका वेळ देता येईल तितका द्या. तो मनाच्या गुंत्यांचा लेखक मानला जातो, आणि तो आहेच. पण त्याच्या प्रत्येक गुंत्याच्या मुळाशी वारसा, उसने पैसे किंवा पगार असतो. ‘कोकोरो’मधले सेन्सेई माणसांपासून दूर का राहतात? काकाने वडिलोपार्जित मालमत्तेत फसवले म्हणून. आणि काम न करता विचार करत जगू कसे शकतात? उरलेल्या पैशाच्या व्याजावर. ही दुसरी गोष्ट वाचक सहसा विसरतात. ‘मोन’ या १९१० च्या कादंबरीत सोसुके हा साधा सरकारी नोकर आहे, पावसात त्याच्या बुटात पाणी शिरते, आणि वडिलांच्या मालमत्तेतून हाती आलेला एक चित्रित पडदा तेवढा घरात आहे. जुन्या वस्तूंचा व्यापारी त्याला आधी सहा येन देऊ करतो. बायको घासाघीस करत राहते आणि शेवटी पडदा ३५ येनांना जातो. पुढे कळते की तोच पडदा घरमालकाने ८० येनांना घेतला आहे. घरमालक कड्याच्या वर राहतो आणि हे जोडपे कड्याखाली. कुणीही कुणाला फसवलेले नाही, कुणी दुष्ट नाही. वस्तू तीच, ती वर चढत गेली आणि चढताना तिची किंमत वाढली. आपण विचारत होता तो भांडवलदार इथे आहे. तो सभ्य आहे, गप्पिष्ट आहे आणि सोसुकेला चहाला बोलावतो.

सोसेकीला स्वतःच्या व्यवहाराबद्दलही भ्रम नव्हता. १९०७ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठातले अध्यापन सोडून तो महिना २०० येनांवर आसाही वृत्तपत्रात गेला, तेव्हा लोकांना धक्का बसला. त्यावर त्याने जाहीरपणे लिहिले की वृत्तपत्र हा धंदा असेल तर विद्यापीठही धंदाच आहे. ‘मिचिकुसा’ या १९१५ च्या, बरीचशी आत्मकथनात्मक असलेल्या कादंबरीत जुना पालक पिता वारंवार पैसे मागायला येतो, आणि अखेर १०० येन देऊन संबंध तोडल्याचा कागद घेतला जातो. नाते कागदावर फेडले जाते. करारांची भाषांतरे करणाऱ्या माणसाला हे प्रकरण वाचताना अस्वस्थ व्हायला होते, कारण कागद अगदी बिनचूक आहे.

‘कानिकोसेन’विषयी माझे मत आपल्याहून थोडे वेगळे आहे. १९२९ ची ही कादंबरी शोषणाच्या वर्णनासाठी वाचली जाते, पण तिच्यातला सर्वांत धारदार भाग मला कायद्याचा वाटतो. खेकडे पकडून तिथेच डबाबंद करणारे हे जहाज ‘कारखाना’ आहे, म्हणून त्याला जहाजांचा कायदा लागू नाही. आणि ते समुद्रात आहे, म्हणून त्याला कारखान्यांचा कायदाही लागू नाही. दोन नियमांमधल्या या फटीतच नफा आहे. कोबायाशी ओतारु शहरात बँकेत नोकरीला होता, कागदपत्रांतल्या अशा फटी त्याला ठाऊक असणार. मालक इथेही टोकियोत, अदृश्य. दिसतो तो आसाकावा हा क्रूर मुकादम. आणि जोडटीपेत कळते की उत्पादन घटल्यावर त्यालाही एक छदाम न देता हाकलले, तेव्हा आपणच फसवले गेलो असे तो ओरडतो. बँकेने कोबायाशीला त्याच वर्षी काढून टाकले. फेब्रुवारी १९३३ मध्ये पोलीस कोठडीतल्या छळात तो मरण पावला. २००८ मध्ये कंत्राटी कामगारांचा प्रश्न पेटला असताना याच पुस्तकाच्या लाखो प्रती अचानक खपल्या. पात्रे ठोकळेबाज आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ना कामगार ना स्वतंत्र व्यावसायिक अशा वर्गात आज किती माणसे बसवली जातात, ते पाहिले की ती फट जुनी वाटत नाही.

युद्धोत्तर काळातली ‘आर्थिक कादंबरी’ ही शाखा, म्हणजे शिरोयामा साबुरोपासून थेट बँकेतली नोकरी सोडून लेखक झालेल्या इकेइदो जुनपर्यंत, मी इथे बाजूला ठेवतो. तिच्यात माहिती भरपूर आणि वाचनीयता उत्तम असते, पण इंग्रजीत फार थोडी उपलब्ध आहे आणि आपण जपानी वाचत नाही.

सुबत्तेच्या काळासाठी दोन पुस्तके पुरेत. तानाका यासुओची ‘नान्तोनाकु, कुरिसुतारु’ ही १९८० ची कादंबरी ब्रँडांच्या, दुकानांच्या आणि गाण्यांच्या नावांनी भरलेली आहे आणि तिला ४४२ टिपा आहेत. कथेपेक्षा टिपा अधिक बोलतात. कुठला बूट कुठे मिळतो हे सांगत सांगत पुस्तक संपते ते घटत्या जन्मदराच्या आणि वाढत्या वृद्धांच्या सरकारी आकड्यांवर. आज जपानची लोकसंख्या पाहता तो शेवट थट्टा वाटत नाही. मुराकामी हारुकीच्या १९८८ च्या ‘डान्स डान्स डान्स’चा निवेदक नियतकालिकांसाठी मजकूर पाडतो आणि त्या कामाला ‘सांस्कृतिक बर्फ उपसणे’ म्हणतो. कुणीतरी करायलाच हवे, म्हणून करायचे. ओळखीच्या जुनाट हॉटेलाच्या जागी सव्वीस मजली हॉटेल उभे राहिले आहे. मुराकामीवर मी फार लुब्ध नाही, पण त्याची ही उपमा मला रोज आठवते. गेल्या आठवड्यातच मी एका वॉशिंग मशिनच्या हमीपत्राची बावीस पाने उपसली.

१९८९ च्या शेवटी शेअर बाजाराचा फुगा शिखरावर होता आणि मग तो फुटला. त्यानंतरच्या साहित्यात कर्ज परत येते, फक्त मामाच्या सावकाराऐवजी आता प्लास्टिकचे कार्ड असते. मियाबे मियुकीची ‘काशा’ (१९९२) रहस्यकथेच्या रूपात हे मांडते: लग्न ठरलेली एक तरुणी नाहीशी होते, कारण तिच्या नावावर पूर्वीची दिवाळखोरी निघते, आणि शोध घेताना ती मुळात ती व्यक्तीच नाही असे कळते. त्यात एक वकील कर्जबाजारीपणाची तुलना रस्त्यावरच्या अपघाताशी करतो. चालकाचा दोष असतोच, पण रस्ता आणि गाडी कुणी कशी बनवली हेही विचारायला नको का? जपानमध्ये ग्राहक कर्जांवरची व्याजाची कमाल मर्यादा २९.२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणणारी दुरुस्ती २००६ मध्ये झाली आणि २०१० मध्ये पूर्ण अमलात आली. ओमिनेच्या मामाचे सत्तर टक्के आणि हे २९.२ शेजारी ठेवले तर आपले एक प्रकरण तयार आहे.

अलीकडच्यांपैकी मुराता सायाकाची ‘कोंबिनी निंगेन’ (२०१६) आपण वाचलीच आहे. तिला सरळसोट ‘भांडवलशाहीवर टीका’ म्हणू नका. तिची नायिका केइको किरकोळ सामानाच्या एका साखळी दुकानातल्या नोकरीत सुखी आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. तिच्यासोबत त्सुमुरा किकुकोची, अकुतागावा हे जपानमधले मानाचे साहित्य पारितोषिक मिळालेली ‘पोतोसु राइमु नो फुने’ ही लघुकादंबरीही विचारात घ्या. नागासे ही एकोणतीस वर्षांची कारखान्यातली कंत्राटी कामगार जगप्रवासाच्या जहाजाचे एक भित्तिपत्रक पाहते. तिकीट १६ लाख ३० हजार येन, आणि कारखान्यातून वर्षाला तिच्या हातात पडणारी रक्कमही साधारण तितकीच. आपल्या आयुष्याच्या एका वर्षाची किंमत भिंतीवर छापलेली तिला दिसते. कारखान्याखेरीज ती मैत्रिणीच्या कॅफेत काम करते, वृद्धांना संगणक शिकवते, घरी माहिती भरण्याचे काम आणते. आणि आता हे पैसे साठवायचे ठरवते. इथेही मालक नाही, संप नाही, घोषणा नाही.

थोडक्यात, आपल्या विषयाचा मथळा बदलायची गरज नाही, शोधण्याची जागा बदलायला हवी. पैसा देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, मुदत कोणती आणि बदल्यात काय, असे पाच रकाने आखून प्रत्येक पुस्तकाची एक पानभर खतावणी लिहा. मार्गदर्शकांकडे जाताना आधी ती ठेवा. एक धोका मात्र टाळा: ‘गिरी’, म्हणजे उपकाराची बांधिलकी, हा जपानी संस्कृतीचा शब्द घेऊन सगळी देणीघेणी त्यात कोंबण्याचा. ओमिनेच्या मामाचा सावकार उपकार करत नव्हता.

सात-आठ पुस्तके एका प्रबंधिकेला जास्त होतात. ‘ओत्सुगोमोरी’, ‘मोन’ आणि ‘काशा’ ही तीन घ्या. सिमेंटची कथा प्रस्तावनेत येऊ द्या. सुरुवात ‘ओत्सुगोमोरी’पासून करा, ती एका संध्याकाळी वाचून होते. आपल्या प्रतीत दहा, दीड, साडेआठ आणि दोन हे चारही आकडे आहेत का ते पेन्सिलीने तपासा, आणि एखादा गाळलेला असेल तर दुसरा अनुवाद मिळवा.